मऊ भाताची वाटी

वाटी परत आली. मऊ भात, वर पातळ वरण, तुपाची धार, सगळं जसंच्या तसं. पुंजाजीने ती गल्ल्यावर ठेवली आणि मालकाच्या कानाशी वाकून म्हणाला, "सहा नंबरची बाई म्हनते, इथं मालक सोता भरवतात असं आयकलं. तं त्यायलेच पाठवा."

रंगरावांचे कान तापले. पुंजाजी पंचवीस वर्षांचा जुना वेटर. त्याला सगळं ठाऊक होतं. तो फडकं झटकत आत निघून गेला.

मलकापूरच्या हायवेवरचं रंगरावांचं हॉटेल शेवभाजीसाठी चालायचं, पण लेकुरवाळ्या बायकांत त्याचं नाव निराळ्याच कारणाने झालं होतं. दुसरीकडे तान्हं घेऊन जेवायला जायचं म्हणजे नवरा-बायकोने पाळीपाळीने गार भाकरी खायची. इथे बाळाने टाहो फोडला की मालक स्वतः मऊ भाताची वाटी घेऊन हजर व्हायचे. "तू ऊन ऊन जेव बाई, याले मी पायतो," म्हणत पोर मांडीवर घ्यायचे. मात्र चमचा उचलण्याआधी न चुकता विचारायचे, "उष्टावण झालं ना याचं? नसन झालं तं मी घास देत नाही. पयला घास मामाचा. तो मान आपुन घेऊ नये." लोक हसायचे, पण नेम म्हणजे नेम. तो आजवर मोडला नव्हता.

आज सहा नंबरच्या टेबलावर सुवर्णा बसली होती. त्यांची सख्खी धाकटी बहीण. आईबाप लवकर गेले, तेव्हा रंगरावांनीच तिला हाताने भरवून मोठी केली. दोन वर्षांपूर्वी तिने भावाला न विचारता दीपकशी लग्न केलं आणि पेढे घेऊन दारात उभी राहिली. रंगराव तिथल्या तिथे बोलून गेले, "आजपासून तुले भाऊ नाही असं समज. या घराचा उंबरा चढू नको." दुसऱ्याच दिवशी त्यांना पस्तावा झाला. पण माघार कोणी घ्यायची? भाऊ हटवादी, बहीण त्याच्याच हातची वाढलेली.

श्रावणात तिला मुलगी झाल्याचं उडत उडत कानावर आलं. तेव्हापासून मांडीवरच्या प्रत्येक बाळाचं वय ते विचारून घ्यायचे आणि मनाशी म्हणायचे, आपली पण आता एवढीच असेल. बघितली नाही, हातात घेतली नाही, नाव माहीत नाही, तरी आपली. कधीकधी परकं पोर खांद्यावर झोपी जायचं आणि त्यांना ते आईकडे परत द्यावंसं वाटायचं नाही.

आता तीच भाची दहा पावलांवर होती आणि त्यांचे पाय उचलत नव्हते. सुवर्णाने त्यांचा शब्द बरोबर पाळला होता. घराचा उंबरा चढली नव्हती, गिऱ्हाईक म्हणून हॉटेलात आली होती. वर वाटी परत पाठवून टोमणा मारला होता. चारचौघांत आपला पाणउतारा करायलाच आली ही, असं त्यांना वाटलं. त्यांनी वाटी बाजूला सारली आणि बडीशेपेचा स्वच्छ डबा पुन्हा पुसायला घेतला.

तेवढ्यात पोरीने सूर लावला. दीपक तिला घेऊन टेबलाभोवती फेऱ्या मारू लागला. तिचा आवाज चढतच गेला, लोक माना वळवून बघू लागले. सुवर्णाच्या ताटात भाकरी तशीच होती. गार झाली असणार. गार भाकरी तिच्या घशाखाली उतरत नाही, हे रंगरावांना तिच्या लहानपणापासून ठाऊक होतं.

रंगराव उठले. भटारखान्यातून गरम भाताची नवी वाटी घेतली आणि तडक टेबलापाशी गेले. बहिणीकडे त्यांनी बघितलंच नाही.

"दे इकडं," ते दीपकला म्हणाले.

पोर मांडीवर आली आणि गप्प झाली. तिने मान वर करून त्यांच्याकडे टक लावली. डोळे थेट सुवर्णाचे. रंगरावांनी तोंड उघडलं असतं तर हुंदकाच फुटला असता, म्हणून त्यांनी तसाच चमचा भरला आणि तिच्या ओठांना लावला.

पोरीने तोंड वेडंवाकडं केलं. जिभेने भात बाहेर ढकलला. मग नवल वाटल्यागत ओठ चाटले. रंगरावांनी बोटाने तिची हनुवटी पुसली, दुसरा घास दिला. पुन्हा तेच. शेकडो पोरं भरवलेला हा माणूस. खायला सरावलेली जीभ आणि कोरी जीभ यांतला फरक त्यांना कोणी सांगायला नको होता. चमचा वाटीतच थांबला. आज विचारायचं राहून गेलं होतं.

दोन वर्षांनी त्यांनी पहिल्यांदा बहिणीच्या तोंडाकडे बघितलं.

"सुवर्णे, इचं उष्टावण?"

सुवर्णाने डोळे पुसले आणि गार भाकरीचा तुकडा मोडला.

"आता झालं, दादा."