तीन वर्षांची सरळ रेघ

देवचंद सर सकाळपासून तिसऱ्यांदा फाटकापर्यंत जाऊन आले. नोंदी तपासायला येणाऱ्या पुण्याच्या बाईंची जीप अजून दिसत नव्हती.

धुळ्याच्या एका कॉलेजात सर भौतिकशास्त्र शिकवत. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून त्यांना एक दुर्बीण आणि प्रकाश मोजायचं यंत्र मिळालं होतं. काम एकच. एका लहानशा, लाल, थंड ताऱ्यावर नजर ठेवायची. हॅलोजनपुढून माशी गेली तर कोणाला पत्ता लागतो? रॉकेलच्या चिमणीपुढून गेली की उजेड हलतो. तसा त्या ताऱ्याचा उजेड ठरावीक दिवसांनी जरासा उतरला, तर समजायचं, पृथ्वीसारखं काहीतरी त्याच्याभोवती फिरतंय. नाही उतरला, तर आज मुदत संपताच यंत्र परत. मग गाव म्हणायला मोकळं, मास्तर तीन वर्षं आभाळ मोजत बसला! सरांनी देव पाण्यात घालायचे तेवढे बाकी ठेवले होते.

"सर, बसा ना. चहा गार व्हयी ऱ्हायला," पुनाभाऊ म्हणाला.

हा प्रयोगशाळेतला जुना शिपाई. सरांना सकाळी सातचा तास असे, म्हणून गच्चीवर यंत्रापाशी रात्रभर पुनाभाऊच बसे. काटा पाहायचा आणि आकडा लिहायचा, एवढंच त्याला ठाऊक. पण अक्षर मोत्यासारखं आणि वहीत खाडाखोड म्हणून नाही.

अखेर जीप आली. बाईंनी वह्या चाळल्या, आलेख उलगडला आणि चष्मा काढून ठेवला.

"रेघ सरळ आहे हो, देवचंदजी. कुठेच उतार नाही."

"एखादी रात्र सुटली असेल." सरांनी वही पुन्हा पुढ्यात ओढली.

"आभाळ होतं तेवढ्याच सुटल्यात. या ताऱ्याला ग्रह नाही. सही करा."

सरांनी सही केली. यंत्र जीपमध्ये चढलं आणि जीप आग्रा रोडला लागली. सर पायरीवरच बसले. डोळे भरून आले, त्याची त्यांना लाजही वाटली.

पुनाभाऊ जवळ येऊन उकिडवा बसला.

"सर, मन कसाले खट्टू करतस? वहीत एक चूक निंघनी नाही. पयल्या महिन्यात तुम्ही माले केवढे रागावले होते! काटा खाले गया म्हणजे तारा नाही, तुझा हात हालला, म्हणे. मंग मी ध्यानात ठेवलं. दर अकराव्या राती काटा तासभर खाले जाये, बरोबर त्याच टायमाले. पण तुमले कोणी नाव ठेवू नये म्हणून मी वहीत कालचाच आकडा लिखी टाकत होतो."