खिंडीतला ओटा

"मावशी, या खिंडीत बाक बसवतोय. दमलात की टेका," किल्ल्यांना जोडणाऱ्या पायवाटा दुरुस्त करणाऱ्या ट्रेकिंग क्लबचे चित्रे म्हणाले.

डोक्यावरचा गवताचा भारा सावरत ठकूबाई करवादली, "भारा उतरवला तर परत चढवून कोण देणार? बांधायचाच तर छातीएवढा ओटा बांधा, म्हणजे एकटीला उचलता येईल!"

चित्रे ओशाळले. पुढच्या आठवड्यात खिंडीत दगडी ओटा उभा होता. ठकूबाईने भारा अलगद त्यावर सरकवला आणि मोकळी मान वळवली. मागे अख्खी दरी उन्हात पसरली होती. तीस वर्षं याच खिंडीतून भारे नेले, पण मागे वळून बघणं कधी जमलंच नव्हतं.

"भलं होवो तुमचं, दादा," दरीवरची नजर न काढता ती म्हणाली. "आता तो बाकही बसवा."