छान, मॅडम

घड्याळ उघडताना तिनं एकेचाळीस भाग मोजले होते. चाळीस परत बसले. एक टेबलावरच उरला. पांढऱ्या फडक्यावर, चहाच्या कपाशेजारी, टोकाला वाकवलेली एक बारीक पितळी तार.

घड्याळ मात्र चालत होतं. लंबक मजेत झुलत होता. त्याचा फोटो तिनं अर्ध्या तासापूर्वीच ग्रुपवर टाकला होता. आता कमेंट वाचता वाचता तिच्या लक्षात आलं, की तारही फोटोत आली आहे. चांगली मधोमध.

एकोणीस कमेंट होत्या. 'छान, मॅडम.' 'मस्त, मॅडम.' 'सुंदर काम.' तारेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

तिला नवल वाटलं. जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांचा हा ग्रुप. धूसर फोटोतला चाकाचा झिजलेला दाता ओळखणारी ही माणसं. त्यांना तार दिसू नये?

ग्रुप तिच्या आत्यानं उभा केला होता; तिथं सगळेच तिला आत्या म्हणत. आत्याची नजर अधू झाली, तेव्हा तिनं तो पदार्थविज्ञान शिकलेल्या या भाचीच्या हवाली केला. पहिल्याच दिवशी ठोकेमास्तरांनी एकाच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'हे हातानं बसवलंत की पायानं?' ठोकेमास्तर म्हणजे ग्रुपमधले सगळ्यांत जुने कारागीर. नव्या मॉडरेटरनं ती कमेंट काढून टाकली आणि वर ठळक नियम लावला: कुणाच्या कामाला नावं ठेवू नयेत. कुणी वाद घातला नाही. मास्तरांनी स्वतःच लिहिलं, 'बरोबर आहे, मॅडम.'

तेव्हापासून तीन आठवडे सगळे बरोबर, छान आणि मस्त म्हणत होते. नऊ जण गुपचूप ग्रुप सोडून गेले होते. असंच चाललं तर आत्यानं इतकी वर्षं चालवलेल्या ग्रुपला तिच्याच हातून टाळं लागणार होतं.

अकरा वाजले. घड्याळानं ठोके द्यायला सुरुवात केली. अकराव्या ठोक्यानंतर बारावा पडला. मग तेरावा. ती बघत राहिली, मोजत राहिली, आणि शेवटी तिनं ठोके देणारी हातोडी बोटानं धरली.

"काय गं, सव्वीस वाजले का?" आत्या आतून भिंतीला हात लावत आली. टेबल चाचपून तिनं तार उचलली, टोकावरून बोट फिरवलं. "ही उरली होय? फोटोत दिसत होती?"

"स्वच्छ."

"मग त्यांनी पाहिली."

"तरी कुणी बोललं नाही. असं कसं?"

"माझे जुने फोटो बघ. मला कधी कुणी छान म्हणालंय का, शोध."

तिनं शोधलं. 'आत्या, घड्याळ चालतंय की लंगडतंय?' 'आज तेलानं न्हाऊ घातलेलं दिसतंय.' 'चष्मा पुसा आणि तिसरं चाक परत बघा.' प्रत्येक टोमण्याखाली काय चुकलं, का चुकलं ते नीट समजावलेलं. कुणी तर कागदावर आकृती काढून पाठवलेली. वर्षानुवर्षांच्या कमेंट ती खाली खाली वाचत गेली. 'छान' एकदाच सापडलं. तेही आत्यासाठी नव्हतं. कुणी एक माणूस घड्याळ विकायला आला होता, फोटो टाकून गेला होता आणि पुन्हा कधी फिरकला नव्हता.

"पाहुण्यांच्या घरी भिंतीला कसलाही रंग असो," आत्या म्हणाली, "आपण छानच म्हणतो. घरात मात्र रंगावरून भांडतो."

तिनं नियम काढला. मास्तरांची कमेंट जागेवर आणली. मग लिहिलं, 'माझ्या घड्याळानं अकरा वाजता सव्वीस ठोके दिले. असं होणार हे तुम्हाला सकाळीच दिसलं होतं. आता बोला.'

मग मास्तरांचं उत्तर आलं.

'सव्विसाव्याला हात कशाला लावलास? चाळिशी गाठतंय का, यावर आमची पैज लागली होती. ती तार ठोके थांबवणाऱ्या दांडीला खाली दाबते. वाकडं टोक आत घाल. आणि उघड्या घड्याळाशेजारी चहा? आत्याची भाची म्हणवतेस ना?'

तिनं वाकडं टोक आत घातलं. बारा वाजता घड्याळानं बाराच ठोके दिले. तिनं त्याचा व्हिडिओ टाकला.

दुपारच्या चहापर्यंत तेहेतीस कमेंट आल्या. सोडून गेलेल्या नऊ जणांपैकी चौघे परत आले होते, तेही फक्त दोष काढायला. घड्याळ डावीकडे कललं होतं. हातोडीचं चामडं वाळलं होतं. मोठा काटा बाराच्या अलीकडे असतानाच ठोके पडत होते. कप अजून तिथेच होता. वहीत तिनं नोंद केली.

चुका: चौदा. छान: शून्य.