राउटरची कटकट

राउटर पुन्हा आपणहून बंद पडला आणि आपणहूनच उठून बसला. स्क्रीनवर तीच लाल ओळ: मेमरी पॅरिटी एरर.

"पनवतीबाई, तुम्ही पाऊल टाकलंत की याला चक्कर कशी येते हो?" साहेबांनी विचारलं.

हे नाव साहेबांनीच ठेवलेलं. हॉस्पिटलच्या तळघरात सगळ्यात म्हातारा तो राउटर, त्याखालोखाल साहेब. पनवतीने मेमरी बदलून पाहिली, कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून पाहिलं. एरर जागची हलेना. साहेबांच्या मते आता बदलून बघायचं एकच उरलं होतं, ते म्हणजे इंजिनियर.

"साहेब, अख्खा राउटरच बदला. आतला एक बिट उलटतोय. तेवढ्याने शून्याचे चौसष्ट होतात."

"म्हणजे वाढतातच ना? मग रडताय कशाला?"

"पॅरिटी तपासणीमुळे त्याला चूक कळते म्हणून तो बंद तरी पडतो. कळलीच नाही तर चुकीचा आकडा तसाच पुढे जाईल."

वर आयसीयूत तिची आत्या होती. तिला लहानाची मोठी करणारी, तिचं एकुलतं एक माणूस. तिथल्या प्रत्येक पेशंटचे ठोके या राउटरमधूनच नर्सबाईंच्या स्क्रीनवर जात.

"उद्या सुट्टी घ्या," साहेब म्हणाले. "बघू याची तब्येत सुधारते का."

जाताना ती आत्याला भेटली. आत्या उशाच्या मशीनवर वैतागली होती. "मेलं माझेच ठोके मला ऐकवतंय! जिवंत आहे हे मला माहीत नाही का? गप्प करा त्याला!" नर्सबाईंनी हसत आवाज बंद केला. आकडा बाहेर त्यांच्या स्क्रीनवर दिसतच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेला ती आली. वर जाण्याआधी तळघरात डोकावली. लाल ओळ गायब. पंख्याची घरघर तेवढी चालू. राउटर इतका शहाण्यासारखा बसलेला तिने कधी पाहिला नव्हता. साहेब चहात बिस्कीट बुडवत होते.

"बघा! तुम्ही गेलात आणि कालपासून एक एरर नाही. पनवती ती पनवतीच!"

तिला राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं. "काय बदललंत?"

"काही नाही. ती पॅरिटी तपासणी बंद करून टाकली. चोवीस तास नुसती कटकट!"

लिफ्टची वाट न बघता ती जिना चढत सुटली. आयसीयूच्या दारात धापा टाकत पोचली, तर नर्सबाईंनी स्क्रीनवरून नजर उचलून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू हो! काय गाढ झोपल्यात तुमच्या आत्या. सकाळपासून चौसष्ट. एक ठोका इकडचा तिकडे नाही."