दसऱ्यानंतरचा कर्नल

नव्या यूएसबी माउससाठी जळगावच्या रतिलाल सरांनी आठवडाभरात लिनक्सचा कर्नल, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभाच, अकरा वेळा बदलून पाहिला. संगणकाच्या खाचेत माउस खोचला की पडद्यावर तीच ओळ: उपकरण उत्तर देत नाही.

"सर," कॉलेजचे शिपाई कौतिकभाऊ चाचरत म्हणाले, "त्या खाचमा मी दसराले कुकू लायेल शे."

सरांनी खाचेत टूथब्रश फिरवला, माउस खोचला. नवीन उपकरण सापडलं! पडद्यावर बाण सुसाट धावला. सर खुर्चीवरून उडालेच.

"चालू व्हई गया?" म्हणत हरखलेले कौतिकभाऊ कुंकवात बोट बुडवून माउसच्या पूजेला वाकले. सरांनी झडप घालून त्यांचा हात धरला आणि स्वतःचं कपाळ पुढे केलं.

"भाऊ, यापुढे सगळ्या यंत्रांचं कुंकू इथंच लावा!"