गादीवर चहा सांडला, काय करू?

गाद्यांच्या दुकानाच्या वेबसाइटचं पान पुन्हा दुसऱ्याच नंबरवर होतं. सुनेने सर्चमध्ये 'गादी साफ कशी करावी' असं परत टाकून पाहिलं. वर ठाण मांडून बसली होती ती समोरच्या गादीवाल्यांची साइट. तिथे लिहिणारं कोण होतं देव जाणे, पण त्या लेखांपुढे सुनेचे लेख अगदीच फिके पडत.

तिच्या दुकानदाराने वेबसाइटचा मजकूर लिहायचं काम तिला तात्पुरतं दिलं होतं. महिनाअखेरीपर्यंत दुकानाचं पान पहिलं आलं तर नोकरी कायम, नाहीतर नारळ. घर सांभाळून, शिकून मिळवलेली ही तिची पहिलीच नोकरी.

सासूबाई दुपारी 'जरा पत्ते खेळते' म्हणत खोलीचं दार लावून जुन्या कंप्युटरवर बसायच्या आणि संध्याकाळी चहा घेऊन सुनेच्या खुर्चीमागे उभ्या राहायच्या. मग चौकशा सुरू. आज मथळा काय दिलास, शब्द कुठले घातलेस, लोक पानावर थांबतात की लगेच पळतात? या वयात यांना नसत्या उठाठेवी कशाला, असं सुनेला वाटे. पण सांगून मन हलकं होई, म्हणून ती सगळं सांगे.

त्या संध्याकाळी मात्र तिला रडूच फुटलं. जेमतेम आठवडा उरला होता. सासूबाईंनी पडद्यावरचा मथळा वाचला, 'गादीची शास्त्रशुद्ध निगा'. कप खाली ठेवला. खुर्ची ओढून त्या सुनेशेजारी बसल्या.

"हे शोधतं कोण, पोरी?" त्या म्हणाल्या. "गादीवर चहा सांडला की माणसाला निगा आठवते का? घाबरून जे तोंडात येईल तेच तो टाईप करतो. 'गादीवर चहा सांडला, पाहुणे येणार, काय करू?' हाच मथळा दे. आणि उत्तर पहिल्याच ओळीत सांग. सांडलेल्या चहापुढे भाषण कोण ऐकतं?"

सुनेच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिने आधीचा लेख पुसला आणि एका बैठकीत नवा लिहिला. मग दही सांडलं, शाई सांडली, बाळाने गादी ओली केली, असे एकामागून एक लेख तिच्या हातून उतरू लागले. पानावर येणाऱ्यांचा आकडा रोज वर चढे आणि ती खुर्चीतल्या खुर्चीत उड्या मारी. जेवणाचं भान नाही, झोपेचं नाही. घरातले म्हणाले, हिला गादीनेच पछाडलंय.

आणि एका दुपारी पान पहिलं आलं. तिने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. पहिलंच! तेवढ्यात दुकानदाराचा फोन आला. नोकरी कायम. आनंद तिच्या अंगात मावेना. पहिली बातमी सासूबाईंनाच द्यायची म्हणून ती धावत निघाली.

त्यांच्या खोलीचं दार किंचित उघडं होतं. त्या फोनवर बोलत होत्या, म्हणून ती उंबऱ्यातच थांबली.

"हो साहेब, पाहिलं मी, आपलं पान दुसऱ्या नंबरवर गेलं," सासूबाई शांतपणे सांगत होत्या. "माझ्या जागी दुसरं कुणी घ्यायचं तर खुशाल घ्या. समोरची लिहिणारी माझ्यापेक्षा हुशार निघाली, त्याला मी काय करणार?"