खात्रीचं उत्तर

दीड वर्षाच्या लेकीने रिमोटमधला बटणाएवढा सेल गिळला. बायकोने घाईघाईने प्रश्नोत्तरांची साइट उघडली. "हे बघ, घाबरायचं कारण नाही. केळं भरवा, दोन दिवसांत आपोआप पडून जाईल. नऊशे लोकांनी बरोबर म्हटलंय."

त्याने लेकीला उचललं. "दवाखान्यात चल. आत्ताच्या आत्ता."

"अरे, पण बालरोगतज्ज्ञांनीच लिहिलंय!"

"मी लिहिलंय ते." तो दाराकडे वळला. "उत्तरामागे पैसे मिळतात. डॉक्टर म्हणून लिहिलं की जास्त."

बायको लेकीला त्याच्या हातातून हिसकावून अनवाणीच जिना उतरली.

सेल अन्ननळीत अडकला होता. तो काढून डॉक्टर बाहेर आले. "वेळेत आणलंत. घरी थांबला असतात, तर आतून जळालं असतं सगळं."

बाहेरच्या बाकावर बसून त्याने ते उत्तर काढून टाकायला फोन उघडला. खाली कालच कुणा आईने लिहिलं होतं, "धन्यवाद डॉक्टर, जिवात जीव आला. केळं भरवलं. बाळ आता निवांत झोपलंय."